रुळांचे माप आणि तबकडीची मांडणी

हुबळीहून मुंबईस जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना मिरज स्थानकाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात आपल्या भागात रूळ घातले ते काटकसरीच्या मीटरगेजचे. पुढे १९७१ साली पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला. मिरजेच्या दक्षिणेकडील मार्ग मात्र नव्वदच्या दशकापर्यंत तसाच राहिला. एका बाजूस १,००० मिलिमीटर, दुसऱ्या बाजूस १,६७६. त्यामुळे मिरजेस प्रवाशांनी गाडी बदलावी आणि हमालांनी पोती एका वाघिणीतून दुसरीत भरावी, हा नित्यक्रम होऊन बसला होता.

संगणकाला जोडावयाच्या फिरत्या हार्ड डिस्कचा इतिहास याहून फारसा निराळा नाही. डिस्क तीच, तारही तीच. भिन्न असते ती नोंदींची मांडणी, म्हणजेच फाइल सिस्टीम. कोणता मजकूर कोठे ठेवला आहे याची सूची डिस्कवरच असते आणि ती सूची वाचता आली नाही तर सारा ऐवज असून नसल्यासारखा.

१९७७ साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी 'फॅट' ही मांडणी रचली. पानाच्या तळाशी 'पुढील मजकूर अमुक पानावर' असे लिहावे, इतकी ती साधी. या साधेपणामुळेच ती सर्वांना समजली आणि सर्वत्र पसरली. परंतु १९९६ च्या फॅट-३२ मध्येही फाइलची लांबी लिहिण्यास बत्तीस बिटांचीच जागा होती. साहजिकच चार गिगाबाइटची फाइल तीत मावेना. धारवाडच्या एखाद्या रात्रभराच्या मैफलीचे चित्रमुद्रण एवढ्यात कसे बसावे?

दरम्यान प्रत्येकाने आपापले रूळ घातले होते. अॅपलने १९८५ साली एचएफएस आणली, लिनक्ससाठी १९९२ साली एक्स्ट आली आणि १९९३ साली विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस. त्या त्या घरी त्या उत्तम चालतात. मात्र मॅक संगणक एनटीएफएस वाचतो, तीवर स्वतःहून लिहीत नाही. आणि मॅकची वा लिनक्सची डिस्क लावली असता विंडोज बहुधा 'ही डिस्क फॉर्मॅट करावयाची काय?' असे सौजन्याने विचारते. त्या प्रश्नाला भाबडेपणाने 'होय' म्हटले की घरातील मुद्रणांची सूची पुसली जाते. गैरसोयीपेक्षा हा धोका मोठा.

यावर तोड म्हणून मायक्रोसॉफ्टने २००६ साली एक्सफॅट आणली. चार गिगाबाइटची मर्यादा गेली. २००९ साली मोठ्या क्षमतेच्या मेमरी कार्डांसाठी तीच प्रमाण ठरली आणि २०१० साली मॅकनेही ती स्वीकारली. लिनक्सचे दार मात्र बंदच राहिले, आणि त्याचे कारण तांत्रिक नव्हते. एक्सफॅट पेटंटांनी बांधलेली होती. २००९ साली मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या कंपनीवर जो दावा लावला, त्यात जुन्या फॅटमधील लांब नावांचीही पेटंटे होती. तो तडजोडीने मिटला, तरी धास्ती उरलीच. स्वयंसेवकांनी स्वतंत्रपणे आज्ञावली लिहून दाखविली होती. ज्ञान होते, अनुज्ञा नव्हती. मीटरगेज निदान पैशाच्या चणचणीतून आले होते. येथे रूळ जुळत असता फाटक लावले गेले, असे माझे मत आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील प्रसिद्ध केला आणि लिनक्समध्ये तिचा समावेश करण्यास पाठिंबा दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लिनक्सच्या ५.४ आवृत्तीत ती प्राथमिक रूपात दाखल झाली. तेव्हापासून तेच मुद्रण धारवाडच्या विंडोजवर, पुण्याच्या मॅकवर आणि एखाद्या महाविद्यालयातील लिनक्सवर वाचता येते, त्यात भरही घालता येते. तथापि एनटीएफएसप्रमाणे बदलांची आगाऊ नोंदवही एक्सफॅटपाशी नाही. लेखन चालू असता तार ओढली तर सूची विस्कटण्याचा संभव अधिक, म्हणून 'इजेक्ट'ची आज्ञा देऊन मगच ती काढावी लागते.