राहाता परिसरात कुत्र्या-मांजरांचे उपचार

शिर्डीशेजारच्या राहाता परिसरातील पशुवैद्यकाच्या इतिहासात कुत्रा फार उशिरा येतो आणि मांजर त्याच्याही मागून. आधी घोडा, मग बैल, मग संकरित गाय असा हा क्रम आहे. ज्या जनावरावर सरकारचे, शेतकऱ्याचे किंवा दूध संघाचे पैसे अडकलेले होते, त्याच्यापर्यंत डॉक्टर आधी पोचला. कुत्रा सरकारी दप्तरात शिरला तोही स्वतःच्या दुखण्यामुळे नव्हे, माणसाला चावल्यामुळे.

गंमत अशी की मुंबई इलाख्यात प्राण्यांविषयीच्या सार्वजनिक कळवळ्याची सुरुवात कुत्र्यापासूनच झाली होती. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले आणि दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. पांजरापोळात आसरा आणि चारा मिळे. शास्त्रोक्त उपचार हा पुढचा टप्पा होता. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने परळला बाई साकरबाई रुग्णालय निघाले आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जेम्स स्टील लष्करी पशुवैद्यकातून आलेले होते. त्या काळी या विद्येचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे घोडदळ.

गुरांकडे सरकारचे लक्ष वळवले ते बुळकांडीने. या साथीच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली. तीच पुढे मुक्तेश्वरला हलली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. १८९२ पासून मुलकी पशुवैद्यक खाते कामाला लागले. राहाता तेव्हा कोपरगाव तालुक्यात होते. अशा गावांना या खात्याची ओळख झाली ती साथ आल्यावर गुरे टोचायला येणारा माणूस म्हणूनच.

तोवर गावातले कुत्रे भाकरतुकड्यावर जगत होते. वस्तीवरचा कुत्रा राखणदार, धनगराचा कुत्रा मेंढरांचा सोबती. पण दोघांनाही वैद्य नव्हता. खरजेला करंजाचे तेल, जखमेला हळद, याच्या पुढे इलाज क्वचितच जाई. मांजराची तर तेवढीही उस्तवार होत नसे. मांजर मारल्याचे पाप काशीला गेल्याशिवाय फिटत नाही, ही समजूत तिला जीवदान देणारी होती, औषध देणारी नव्हे.

शिर्डीच्या साईबाबांच्या कथांत या काळाचे चित्र सापडते. गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त बाळा शिंप्याची गोष्ट आहे. हिवतापाने हैराण झालेल्या बाळाला बाबांनी लक्ष्मीच्या देवळाजवळ काळ्या कुत्र्याला दहीभात खाऊ घालायला सांगितले आणि ताप उतरला. इथे कुत्रा रोगी नाही, माणसाच्या आजारावरचा उतारा आहे. त्याच ग्रंथात दरवेशांनी गाडीतून शिर्डीला आणलेल्या आजारी वाघाचीही कथा येते. सारे उपाय थकल्यावर त्याला बाबांच्या दारी आणले गेले. तो तिथेच मेला आणि त्याला महादेवाच्या देवळासमोर पुरले. बाबांच्या १९१८ मधील समाधीच्या काही दिवस आधीची ही घटना. इलाजाच्या आशेने मार्जारकुळातला प्राणी या परिसरात दुरून आणल्याची इतकी जुनी दुसरी गोष्ट क्वचितच सापडेल.

पिसाळलेल्या कुत्र्याची भीती मात्र सर्वांना होती. पाश्चरने १८८५ मध्ये लस वापरली, तरी भारतात ती १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाल्यावरच मिळू लागली. सुरुवातीला दूरदूरच्या रोग्यांना रेल्वेने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जावे लागे. मग कुन्नूरला, पुढे मुंबईत हाफकिन संस्थेतही सोय झाली. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केलेली लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही ग्रामीण महाराष्ट्राच्या आठवणीतली दहशत तिचीच. काही रोग्यांना तिच्यामुळे लकवाही होई. तरीही ती भारतात २००४ च्या अखेरपर्यंत चालली. या साऱ्या काळात इलाज चावलेल्या माणसावर होत राहिला. कुत्र्यालाच आधी टोचावे, हा साधा विचार खेड्यात फार उशिरा रुजला.

दरम्यान परिसराचे रूप पालटले होते. गोदावरीचा उजवा कालवा आणि १९२६ मध्ये पुरे झालेल्या भंडारदरा धरणाचे प्रवरा कालवे यांनी बागायत आणली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये त्याचे गळीत सुरू झाले. ऊस आला, वाढे आले, घासाचे वाफे आले आणि त्यांच्यावर दुधाचा धंदा पोसला. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापलेल्या ‘बाएफ’ने कृत्रिम रेतन दारोदार नेले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तीन जातींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार केली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर गुरांच्या दवाखान्यांचे जाळे त्यांच्याकडे गेले. श्रेणी एकच्या दवाखान्यात डॉक्टर आणि श्रेणी दोनमध्ये पशुधन पर्यवेक्षक, ही रचना खेड्यापाड्यांत परिचित झाली.

हा दवाखाना गाईम्हशींच्या मापाने बांधलेला होता. दारात लोखंडी खोडा, कपाटात घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या-खुरकुताच्या लसी. कुत्र्याला खोड्यात उभे करता येत नाही. बँडेजच्या पट्टीने त्याचे तोंड बांधावे लागते आणि धरायला मालकच लागतो. शिवाय औषधाची मात्रा वजनावर ठरते. चारशे किलोच्या गाईचा अंदाज आठ किलोच्या पिलाला लावला तर औषधच विष होते. मांजराचे शरीर आणखी वेगळे आहे. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉल तिला पचवता येत नाही आणि एखादी गोळीही जिवावर बेतते. घरगुती डॉक्टरकीने किती मांजरे दगावली, त्याची नोंद कुणी ठेवली असण्याची शक्यता नाही.

कुत्र्या-मांजरांसाठी वेगळे दवाखाने छोट्या गावांत आले ते गेल्या दोन-तीन दशकांत. राहाता १९९९ मध्ये स्वतंत्र तालुका झाला. शेजारी शिर्डी वाढत होती. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेने बंगले आणि लॉज उठत होते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन आणि पर्शियन मांजरे विकत घेऊन पाळली जाऊ लागली. पैसे मोजून आणलेल्या पिलाला रक्ताची हगवण लागली की मालक धावत सुटतो. ती हगवण बहुधा पार्वोची असते. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि ऐंशीच्या दशकात भारतात दिसू लागला. त्यावर थेट औषध नाही. सलाइन लावायचे, उलटी थांबवायची आणि पिलाने तग धरण्याची वाट पाहायची. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून ठरावीक अंतराने लसी, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि मग दरवर्षी एक मात्रा, असे लसींचे कार्ड हा या दवाखान्यांचा कणा ठरला. जंताचे औषध, गोचीड ताप, खरूज आणि नसबंदी ही बाकीची रोजची कामे.

इथल्या कुत्र्यांना रोगांखेरीज आणखी एक शत्रू आहे. उसात बिबट्या राहतो. जवळच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या आहारात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व गावठी कुत्र्यांचा निघाला. मांजरेही त्याच्या पोटात जात होती.

भटक्या कुत्र्यांबाबत कायद्याची दिशा २००१ च्या जन्मनियंत्रण नियमांनी बदलली. मारण्याऐवजी नसबंदी करून, लस टोचून जिथून आणले तिथेच सोडणे बंधनकारक झाले. २०२३ च्या नव्या नियमांनीही ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर ठेवली. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने राहाता तालुक्यातील सावळीविहीर खुर्द येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी दिली. अशा महाविद्यालयाला शिक्षणासाठी स्वतःचे चिकित्सालय नियमानेच जोडावे लागते, आणि अभ्यासक्रमात कुत्र्या-मांजरांची वैद्यकी हा आज गाई-बैलांच्या बरोबरीने शिकवला जाणारा भाग आहे.