एका कडीची गोष्ट

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग नावाच्या विषयात 'कपलिंग' आणि 'कोहिजन' अशी एक जोडगोळी असते. तोंडी परीक्षेला हमखास येणारी. 'लो कपलिंग, हाय कोहिजन' एवढं घडाघडा म्हटलं की परीक्षक खूश, आपण पास. पुढं नोकरीतही हे शब्द मीटिंगमध्ये अधूनमधून फेकता येतात. आज ज्या कपलिंगबद्दल लिहिणार आहे ते मात्र खरंखुरं, हातात धरता येणारं आणि बहुतेक वेळा चिखलानं माखलेलं असतं.

पुण्याहून कोल्हापूरला जाताना साताऱ्याच्या पुढं आमचं उंब्रज लागतं. तारळी नदी इथं कृष्णेला मिळते. हायवेवरून खाली उतरून कुठल्याही वस्तीवर गेलात तर गोठ्याच्या कडेला काळ्या प्लास्टिकच्या पाइपांची चळत दिसेल. साधारण २० फुटी पाइप, एका टोकाला लोखंडी कडी आणि दुसऱ्या टोकाला ती अडकवायला जागा. पाइपात पाइप घालायचा, कडी ओढून दाबायची, खट्ट! झाला जोड. नट नाही, बोल्ट नाही, पाना नाही. सरकारी कागदावर हे तुषार सिंचनाचे पाइप. आमच्याकडं त्यांना 'स्प्रिंकलरचे पाइप' म्हणतात, मग आयुष्यात त्यांच्यावर एकदाही स्प्रिंकलर बसलेला नसला तरी चालतं. अर्ध्याहून जास्त वेळ ते विहिरीचं पाणी लांबच्या वावरात नेऊन सोडायचंच काम करतात.

ही कडी आली कुठून, हे शोधताना माझे दोन-तीन रविवार गेले. त्याचा हा हिशेब.

आधी एक साधी गोष्ट. आपल्याकडं हजारो वर्षं पाणी उपसलं जात होतं, पण पाइपाचा जोड हा प्रश्नच नव्हता, कारण पाइपच नव्हता. मोटेनं पाणी वर यायचं, थारोळ्यात पडायचं आणि पाटानं वाहत जायचं. कातडी मोट, नाडा, बैल आणि मातीचा पाट. पाट फुटला तर खोऱ्यानं दोन घमेली माती टाकायची, 'लीकेज' बंद. दाबाखाली पाणी नेणारी बंद नळी पंपाबरोबर शेतात आली.

आणि पंप म्हटला की आमच्या भागात गाडी किर्लोस्करवाडीलाच थांबणार. उंब्रजजवळचं रेल्वे स्टेशन मसूर. तिथून मिरजेच्या दिशेनं कराड, शेणोली, ताकारी करत गेलं की किर्लोस्करवाडी. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. आधी लोखंडी नांगर, मग बाकीची अवजारं, आणि १९२६ साली सेंट्रिफ्यूगल पंप. पुढं १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. कोयनेची वीज सुरू झाली ती १९६० च्या दशकात. इंजिन आणि पुढं विजेची मोटार आली तशी मोट मागं पडली.

या पंपांना जोडलेले पाइप होते जाड, लोखंडी, जड. त्यांचा जोड म्हणजे फ्लँज. दोन तबकड्या समोरासमोर, मध्ये रबरी पॅकिंग, भोवती नट-बोल्ट. हा जोड उत्तमच आहे, अजूनही कुणी त्याला नावं ठेवत नाही. पण तो जन्माला एकदा करायचा जोड आहे. पाइप रोज हलवायचा असेल तर फ्लँज कामाचा नाही. रोज हलवायची वेळ आली ती स्प्रिंकलरमुळं.

स्प्रिंकलरची गंमत अशी की त्याचा शोध कुठल्या प्रयोगशाळेत लागला नाही. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोरा गावच्या ऑर्टन एंगलहार्ट नावाच्या लिंबूवर्गी फळांच्या बागायतदारानं १९३३ साली तो 'टक् टक् टक्' करत फिरणारा स्प्रिंकलर बनवला आणि १९३५ साली त्याचं पेटंट घेतलं. पण सगळ्या वावरात कायमचे पाइप पुरायचे तर खर्च परवडत नाही. म्हणून एकच लाइन घ्यायची, एका पट्ट्यात दोन-चार तास चालवायची, मग सगळी लाइन सोडवून पुढच्या पट्ट्यात मांडायची. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमच्या हलक्या नळ्या स्वस्त झाल्या आणि एका माणसाला खांद्यावर पाइप टाकून चालणं शक्य झालं. आता प्रत्येक जोडाला पाना घेऊन कोण बसणार? तेव्हा झटपट लागणारे आणि झटपट सुटणारे जोड आले. भारतात हे प्रकरण १९५० च्या दशकात आधी दक्षिणेतल्या चहा-कॉफीच्या मळ्यांत आलं. आपल्यापर्यंत पोचेपर्यंत ॲल्युमिनियमची जागा बऱ्याच अंशी काळ्या पॉलिथिलीननं घेतली होती. आमच्याकडं मग भुईमूग, गहू, आलं... सगळीकडं हे पाइप फिरायला लागले.

ठिबकला अशी कडी का नसते, असा प्रश्न पडला असेल तर त्याचं उत्तरही इथंच आहे. ठिबकची नळी हंगामभर जागची हलत नाही.

आता थोडं गणित (पळू नका, एकच आहे!). पाइपाचा व्यास ७५ मिमी आणि पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो धरू. पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ होतं सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे लाइनच्या शेवटच्या बुचावर आतून ११० किलोचा रेटा! सिमेंटची दोन पोती आणि वर थोडं. हे बूच पळू पाहतं आणि मागच्या पाइपाला ओढतं, तो त्याच्या मागच्याला. साखळीच ही, त्यामुळं ओझं वाटून घेणं वगैरे प्रकार नाही. जमिनीवरचं घर्षण सोडलं तर प्रत्येक कडीवर जवळपास तेवढाच ताण येतो. तो ताण कडीला आणखी आवळून धरतो. म्हणून पंप चालू असताना कडी हातानं उघडत नाही, आणि ते बरंच आहे.

पण कडी पाणी अडवत नाही. ते काम आतल्या रबरी रिंगचं. ती रिंग मधोमध कापून बघितली तर इंग्रजी 'यू'सारखी दिसते. पाणी त्या 'यू'च्या पोटात शिरतं आणि तिचे दोन्ही ओठ बाहेर फाकवून पाइपाच्या भिंतींना चिकटवतं. दाब वाढला की पकड वाढते. बाहेरून कुणी आवळायला नको, पाणी स्वतःच स्वतःची वाट बंद करतं! आणि पंप बंद झाला की रिंग सैलावते, जोडातून पाणी गळून जातं. नव्या माणसाला हे गळणं दोष वाटतं. पण सहा मीटरच्या त्या पाइपात साधारण २३ लिटर पाणी मावतं. ते आतच राहिलं तर प्रत्येक पाइपाबरोबर २३ किलो वजन उचलायचं. शेतीची वीज कित्येक वर्षं आठवडा-आठवडा रात्रीची असायची, अजूनही अनेक फीडरवर असते. रात्री दोन वाजता चिखलात उभं राहून, बॅटरी तोंडात धरून ज्यानं लाइन बदलली आहे, त्याला या गळण्याची किंमत विचारा.

शिवाय जोडात थोडी ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. सरीवरंब्यावरून लाइन वाकडीतिकडी गेली तरी चालतं. रिंग हरवली तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वेळ मारून नेणारेही आहेत, पण त्या पट्टीला ओठ नसतात. त्यामुळं पाणी आलं की तिथं कारंजं ठरलेलं.

या कडीचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे पाइप उसना देता-घेता येतो. आमच्याकडं पैऱ्यानं बैल दिले जायचे, तसे आता पाइप जातात. "तुझे दहा पाइप दे, परवा आणून टाकतो." पण त्यासाठी याची कडी त्याच्या पाइपाला बसली पाहिजे. नवे पाइप घ्यायला जाणारा जाणता शेतकरी जुन्या पाइपाचा तुकडा बरोबर नेतो आणि दुकानातच लावून बघतो. आपल्या भाषेत इंटिग्रेशन टेस्टिंग! भारतीय मानक संस्थेनं या पाइपांसाठी १४१५१ क्रमांकाचं मानक काढलं आहे आणि त्याचा एक अख्खा भाग झटपट जोडाच्या पाइपांवर आहे. पण जुन्या चळतीतल्या पाइपांना मानक कोण शिकवणार? त्यामुळं तुकडा बरोबर नेलेला बरा.

जोड जुळला नाही तर आपल्याकडं फार तर एक पाळी चुकते. हेच शहरात, आगीच्या वेळी झालं तर?

७ फेब्रुवारी १९०४, रविवार. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून बंब आले, माणसं आली. आणि त्यांच्या होजपाइपांचे जोड बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. पेचाचे आटे वेगळे, व्यास वेगळे. नदी-समुद्राकाठच्या त्या शहरात आग सुमारे ३० तास चालली आणि दीड हजाराहून जास्त इमारती गेल्या. नंतर पाहणी झाली तेव्हा अमेरिकाभर अग्निशामक जोडांचे ६०० हून जास्त प्रकार सापडले. पुढच्याच वर्षी अडीच इंची जोडाचं राष्ट्रीय मानक ठरलं. संपली गोष्ट? नाही! २० ऑक्टोबर १९९१ ला कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्या पेटल्या, २५ माणसं गेली. तिथंही मदतीला आलेल्या दलांचे जोड अडीच इंची आणि ओकलंडचे हायड्रंट तीन इंची. ८७ वर्षांनी तोच बग. (आपण जुन्या कोडला उगाच शिव्या देतो.)

यावर जर्मनीतल्या एका माणसानं फार आधीच डोकं लढवलं होतं. कार्ल ऑगस्ट गुइडो श्टोर्झ यानं १८८२ साली असा जोड काढला की ज्यात नर-मादी हा भेदच नाही. दोन्ही टोकं अगदी सारखी. समोरासमोर धरा आणि फिरवा. अंधारात, धुरात 'आपण चुकीचं टोक तर नाही आणलं' ही भीतीच नको. आपल्याकडच्या अग्निशामक दलांनी मात्र इंग्रजांचा वारसा चालवला. तो ६३ मिमीचा, म्हणजे मुळात अडीच इंची, 'इन्स्टंटेनियस' जोड. नर टोक मादीत ढकललं की स्प्रिंगचे दोन खटके बसतात, सोडवताना ते ओढायचे. पुढच्या वेळी सोसायटीत फायर ड्रिल असेल तेव्हा फोन खिशात ठेवून ते टोक नीट बघा. आमच्या पाइपांच्या कडीचं ते शहरी भावंड आहे.

आता परत नदीवर येऊ, कारण जिथं झटपट जोडाची सगळ्यात जास्त गरज आहे तिथं आमची ही कडी चालत नाही.

नदीकाठच्या मोटारीला दोन बाजू असतात. एका बाजूनं ती पाणी ओढते, दुसऱ्या बाजूनं ढकलते. ढकलण्याच्या बाजूला दाब असतो, तिथं 'यू' रिंगचे ओठ फाकतात आणि जोड बंद होतो. ओढण्याच्या बाजूला आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. तिथं ते ओठ आतल्या आत मिटतात, हवा शिरते, पंप 'एअर घेतो' आणि पाणी सोडून देतो. म्हणून नदीच्या बाजूला, म्हणजे पंपापासून खाली फुटबॉलपर्यंत (हो, फूट व्हॉल्व्हला आमच्याकडं फुटबॉलच म्हणतात) सगळा कारभार फ्लँज, क्लँप आणि नट-बोल्टचा.

एरवी ठीक आहे. पण पावसाळ्यात धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी या धरणांतून पाणी सोडलं की ते उंब्रजवरूनच पुढं जातं. निरोप येतो आणि काठावरचे सगळे मोटारी काढायला पळतात. ऑगस्ट २०१९ मध्ये खाली सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांच्या वर मजल मारली, तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. असं पाणी चढत असताना भर पावसात, वर्षभर गंजलेले बोल्ट पान्याला दाद देत नाहीत. मग हॅक्सॉ ब्लेडनं बोल्ट कापायचे, नाहीतर मोटार सोडून द्यायची. मोटार गेली तर नवी घेण्याचा खर्च आणि पाणी ओसरल्यावर उभ्या उसाला पाणी द्यायचं कशानं, हा प्रश्न वेगळाच.

यावर इलाज आहे, तो म्हणजे कॅमलॉक. टँकरच्या किंवा पाणी उपसायच्या पंपाच्या पाइपाला दोन कान असलेला जोड तुम्ही बघितला असेल. नर टोकाला एक खाच असते. कान खाली दाबले की त्यांचं फुगीर टोक त्या खाचेत रुततं आणि नर टोकाला आतल्या रबरी चकतीवर ओढून बसवतं. इथं रबर दाबलं जातं ते कानांच्या जोरावर. पाण्याच्या दाबाची वाट बघावी लागत नाही, त्यामुळं ओढण्याच्या बाजूलाही चालतं. काळ्या पाइपांच्या कडीपेक्षा महाग पडतं, पण मोटारीमागं एक-दोनच लागतात.

आमच्या भावकीतल्या एका चुलत्यांनी २०१९ च्या पुरानंतर सक्शनला कॅमलॉक बसवून घेतलं. तेव्हा शेजारचे हसले होते. "टँकरचा धंदा काढताय काय आण्णा?" २०२१ च्या जुलैत पाणी सोडल्याचा निरोप आला तेव्हा आण्णांनी दोन कान उचलले, पाइप सुटा केला, कड्या उघडून पुढची लाइन मोकळी केली आणि पोरांच्या मदतीनं मोटार ट्रॉलीत टाकून वर नेली. मग बॅटरी आणि हॅक्सॉ घेऊन शेजाऱ्याचे बोल्ट कापायला परत खाली गेले.