हात इथे, रेघ तिथे

चित्रकलेला गेलेल्या मुलांचे आईवडील मला विचारतात, ‘पडद्याची ड्रॉइंग टॅब्लेट फार महाग आहे हो, बिनपडद्याची चालेल का? पाटीवर पेन फिरवायचं आणि बघायचं संगणकाकडे, हे जमतं का?’

हा प्रश्न जुना आहे. टेलिफोनच्या पेटंटवरून ग्रॅहम बेलशी झुंजलेल्या एलिशा ग्रेने १८८८ मध्ये अमेरिकेत ‘टेलऑटोग्राफ’चं पेटंट मिळवलं. इकडे माणूस लिही आणि तारेच्या पलीकडचं पेन तेच अक्षर गिरवी. १९६४ मध्ये रँड कॉर्पोरेशनने अशी पाटी संगणकाला जोडली. जेमतेम दहा इंच लांबरुंद, पोटात बारीक तारांची जाळी, आणि किंमत सुमारे १८ हजार डॉलर! एवढ्या पैशात तेव्हा मोटारगाड्या आल्या असत्या. म्हणजे चित्रकारांना ती दुरूनच नमस्कार करण्याजोगी.

चित्रकाराच्या हाताचा खरा विचार जपानमध्ये झाला. १९८३ साली स्थापन झालेल्या वाकॉमने पेनची वायर काढली, बॅटरीही काढली. पाटीच आपल्या चुंबकीय क्षेत्रातून पेनला शक्ती पुरवते. पेन हलकं झालं. पुढे इतर कंपन्याही तशी पेनं देऊ लागल्या आणि भाव उतरले.

तेव्हा मी सांगतो, बिनपडद्याची खुशाल घ्या. थोड्या दिवसांत हात रुळतो, मानही वाकत नाही. दाबाच्या ८१९२ पातळ्यांच्या जाहिरातीला भुलू नका. दुकानात पेन अगदी हलकेच टेकवून बघा, बारीक रेघ उमटते का ते.