रेडिओ-नियंत्रित घड्याळ

रेडिओ-नियंत्रित घड्याळ म्हणजे रेडिओ केंद्रावरून प्रसारित होणारा वेळसंकेत ग्रहण करून आपली वेळ आपोआप दुरुस्त करणारे घड्याळ होय. अशा घड्याळाच्या आत साधे क्वार्ट्झ घड्याळच असते. त्याची अचूकता स्वतःची नसून दूरच्या केंद्रातील आण्विक घड्याळाकडून आलेली असते. संकेत मिळेनासा झाल्यास ते इतर क्वार्ट्झ घड्याळांप्रमाणेच हळूहळू मागे वा पुढे जाऊ लागते.

प्रमुख केंद्रे

जर्मनीतील फ्रांकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेन येथील 'डीसीएफ७७' हे केंद्र १९५९ पासून ७७.५ किलोहर्ट्झ वारंवारतेवर प्रसारण करीत आहे. १९७३ पासून त्यावरून तारीख व वेळ सांकेतिक स्वरूपात दिली जाते. त्याचा संकेत सुमारे २००० किलोमीटरपर्यंत पोहोचतो. अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स (६० किलोहर्ट्झ), इंग्लंडमधील अँथॉर्न (६० किलोहर्ट्झ) आणि जपानमधील दोन केंद्रे (४० व ६० किलोहर्ट्झ) हेच कार्य करतात. या संकेतावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ जर्मनीच्या युंगहान्स कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणले. त्याचा अँटेना पट्ट्यात बसवलेला होता.

कार्यपद्धती

डीसीएफ७७ केंद्र दर सेकंदाच्या आरंभी लहरीची शक्ती क्षणभर कमी करते. ही घट ०.१ सेकंद टिकल्यास तिचा अर्थ शून्य आणि ०.२ सेकंद टिकल्यास एक असा होतो. मिनिटाच्या अखेरच्या सेकंदाला ही घट गाळली जाते, त्यावरून नवे मिनिट कोठे सुरू होते हे घड्याळास कळते. एका मिनिटात तास, मिनिट, वार, दिनांक, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक पाठवले जातात. संकेतातील चूक ओळखता यावी म्हणून त्यात पडताळणीचे अंकही असतात. युरोपातील उन्हाळी वेळेचा बदलही घड्याळ याच संकेतावरून स्वतः करते.

बहुतेक घड्याळे रात्री संकेत घेतात. त्या वेळी दीर्घ लहरी अधिक दूर पोहोचतात आणि विद्युत उपकरणांचा अडथळाही कमी असतो. दिवसातून एकदाच संकेत घेतल्याने बॅटरीही कमी खर्च होते.

मर्यादा

लोखंडी सळ्यांच्या काँक्रीट इमारतीत, तसेच संगणक वा दूरचित्रवाणी संचाजवळ संकेत क्षीण होतो. केंद्रच बंद पडले तर घड्याळाला उपाय उरत नाही. मार्च २०११ मधील भूकंप व त्सुनामीनंतर फुकुशिमा अणुप्रकल्पाभोवतीचा २० किलोमीटरचा परिसर रिकामा करण्यात आला. जपानचे ४० किलोहर्ट्झचे केंद्र याच परिसरात असल्याने त्याचे प्रसारण १२ मार्चला थांबले व २१ एप्रिलला पुन्हा सुरू झाले.

भारतातील स्थिती

भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. ही प्रयोगशाळा पूर्वी लघुलहरींवर 'एटीए' या नावाने वेळसंकेत प्रसारित करीत असे. घरगुती घड्याळांसाठी दीर्घलहरींवरील केंद्र भारतात नाही आणि युरोप व जपानमधील केंद्रांच्या पल्ल्याबाहेर भारत येतो. त्यामुळे परदेशातून भेट म्हणून आणलेले असे घड्याळ महाराष्ट्रात वापरता येते, परंतु त्याची वेळ हातानेच लावावी लागते. भारतात स्वयंचलित दुरुस्तीसाठी उपग्रह किंवा आंतरजालाद्वारे मिळणाऱ्या वेळेचा उपयोग होतो.