कानात आवाज, डोळ्याखाली सिग्नल: ओ-व्हेम्प टेस्ट म्हणजे काय?

जालन्यात मस्तगडला उभे राहून मोबाईल आडवा करा. स्क्रीन लगेच फिरते, कारण आतल्या ॲक्सेलरोमीटरला ‘खाली’ कुठे आहे ते कळतं. तसेच सेन्सर तुमच्या दोन्ही कानांत आतल्या बाजूला आहेत. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या जायरोस्कोपचं काम करतात; युट्रिकल आणि सॅक्युल या दोन पिशव्या ॲक्सेलरोमीटरचं. या पिशव्यांत जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. डोकं कललं की खडे सरकतात, खालचे केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते.

मोबाईलचा सेन्सर ॲपने तपासता येतो. पण कानातला बिघडला तर? चक्कर आली की आपल्याकडे ‘बीपी असेल’, ‘अशक्तपणा आहे’, ‘मानेचं दुखणं’ असं म्हणून गोळ्या सुरू होतात. युट्रिकल नीट चालतंय का, हे पाहण्यासाठी ओ-व्हेम्प ही टेस्ट आहे. सॅक्युलसाठी मानेच्या स्नायूवर घेतात ती सी-व्हेम्प; तिची पद्धत १९९२ साली ऑस्ट्रेलियातल्या कोलबॅच आणि हालमागी यांनी मांडली. डोळ्याची टेस्ट त्यानंतर, २००५ च्या सुमारास आली.

आता गंमत बघा. मोठा आवाज कानातल्या द्रवाला धक्का देतो आणि हे सेन्सरही किंचित हलतात. मेंदूला वाटतं डोकंच हललं! मग कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझेशनसारखं, नजर स्थिर ठेवायला तो डोळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडतो. आवाज उजव्या कानात, पण मुख्य सिग्नल मिळतो डाव्या डोळ्याखाली.

टेस्टमध्ये खालच्या पापणीखाली आणि गालावर इलेक्ट्रोड चिकटवतात. नजर वर, एका ठिपक्यावर ठेवायची. म्हणजे डोळ्याखालचा तिरका स्नायू ताणला जातो आणि त्वचेजवळ येतो. मग ५०० हर्ट्झचे छोटे टोन, सेकंदाला पाचेक, असे शंभर-दोनशे वाजतात. एकेका टोनचा सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये असतो, म्हणजे नुसत्या गोंगाटात बुडालेला. म्हणून सगळ्यांची सरासरी काढतात. नाईट मोड अनेक फोटो एकावर एक ठेवून नॉइज घालवतो ना, अगदी तसंच. शेवटी १० मिलिसेकंदांच्या आसपास एक लाट दिसते, तिचं नाव एन-१०. सुई नाही, दुखत नाही; फक्त आवाज मोठा असतो आणि वर बघून डोळे थकतात.

एका कानात आवाज दिल्यावर लाट लहान किंवा गायब असेल, तर त्या कानाच्या युट्रिकलवर किंवा त्याच्या नसेवर संशय येतो. उलट काहींची लाट फारच मोठी येते. अशा लोकांना भांड्याच्या आवाजाने चक्कर येते, स्वतःचा आवाज कानात घुमतो. काहींना तर डोळे फिरवल्याचाही आवाज ऐकू येतो. ऐकणाऱ्याला हा मनाचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात वरच्या नळीवरच्या हाडाला भोक असू शकतं. हा आजार १९९८ मध्ये अमेरिकेत लॉइड मायनर यांनी वर्णन केला. सीटी स्कॅनने खात्री होते.

पण लाट आली नाही म्हणून घाबरू नका. साठीनंतर तब्येत ठणठणीत असूनही ती येईनाशी होऊ शकते. पडद्याला भोक असेल किंवा कानात पाणी साचलं असेल, तर आवाजच आत पोचत नाही. तेव्हा कपाळावर कंपन देऊन टेस्ट घेतात. म्हणून आजीचा रिपोर्ट कोरा आला तर आधी कान तपासला होता का, ते विचारा.

आणि हो, यूट्यूबवरचा ५०० हर्ट्झचा टोन इअरफोनमध्ये फुल्ल आवाजात लावून घरी प्रयोग करू नका. इलेक्ट्रोडशिवाय काहीच कळणार नाही, ऐकू येणं मात्र बिघडेल. चक्करेसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळे पडले, तर कुठल्याही टेस्टची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा.

ही टेस्ट प्रत्येक ईएनटी दवाखान्यात होत नाही. जालन्याहून संभाजीनगर किंवा पुण्याची गाडी पकडण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: ओ-व्हेम्प होते का, आणि कपाळावर कंपन देण्याची सोय आहे का.