संमतीचे वय, नकाराचे वय

कोवळ्या वयातील प्रेमाचा इतिहास लिहावयाचा, तर त्याचा आरंभ प्रेमपत्राने व्हावा अशी कोणाचीही अपेक्षा असेल. आमची तशी होती. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी मुलखात या इतिहासाचे जे पहिले ठळक कागद हाती लागतात, ते प्रेमपत्रे नसून कोर्टाचे कागद आहेत आणि त्यांत होकार नाही, नकार आहे.

हा नकार रखमाबाईंचा. १८६४ साली जन्मलेल्या या मुलीचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी झाले. तिची आई जयंतीबाई स्वतः चौदाव्या वर्षी विवाहित, पंधराव्या वर्षी माता आणि सतराव्या वर्षी विधवा झालेली. त्यांच्या जातीत पुनर्विवाहाची मुभा असल्याने जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला, आणि रखमाबाई या सुधारकी वळणाच्या सावत्र वडिलांच्या घरी वाढली. लग्नानंतरही ती सासरी नांदावयास गेली नाही. आईच्या घरी राहिली, वाचत राहिली, प्रार्थनासमाज आणि आर्य महिला समाज यांच्या वर्तुळात वावरू लागली. आठ-नऊ वर्षे अशी गेली. १८८४ साली दादाजींनी पत्नी नांदावयास यावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, तेव्हा रखमाबाई विशीच्या उंबरठ्यावर होती. अजाण वयात, आपल्या संमतीवाचून झालेले हे लग्न आपल्याला बंधनकारक मानता येत नाही, असे तिचे म्हणणे होते.

खटल्याची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे, म्हणून ती येथे थोडक्यातच देतो. न्यायमूर्ती पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये निकाल रखमाबाईच्या बाजूने दिला. अपिलात तो टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. आपण तुरुंग पत्करू, असे तिने कळविले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने आलेली पत्रे तिचीच होती. त्यांतील मुख्य दुःख नवऱ्याविषयीचे नाही, अभ्यास सुटल्याचे आहे. बालविवाहाने आपल्याला विद्येपासून तोडले, ही तिची तक्रार.

आम्हांला महत्त्वाची वाटतात ती ती आठ-नऊ वर्षे. रखमाबाईला जे लाभले ते तिच्या पिढीतील फारच थोड्या मुलींना लाभले: लग्न आणि संसार यांच्यामधली मोकळी जागा. त्या जागेत तिने पुस्तके वाचली, मैत्रिणी जोडल्या, आपल्याला काय आवडते आणि काय आवडत नाही हे ठरविले. आज ज्याला आपण 'टीनएज' म्हणतो ते तिच्या वाट्याला जवळजवळ अपघाताने आले. आणि तसे वय मिळालेल्या माणसाने पहिली गोष्ट केली ती ही, की आपल्यासाठी दुसऱ्यांनी निवडलेला माणूस नाकारला. आवडण्याचा हक्क पुढचा. नावडण्याचा हक्क आधीचा.

भाषेकडे पाहिले तरी हेच दिसते. मुलीच्या या वयासाठी आपल्याकडे शब्द होते ते 'पदर येणे', 'न्हाण येणे', 'उपवर' आणि वेळ टळली की 'घोडनवरी'. सगळे शब्द शरीराचे नाहीतर लग्नबाजाराचे. मनाचा एकही नाही. मुलग्यांना तेवढी 'गद्धेपंचविशी' बहाल केलेली. म्हणजे त्यांना पंचविशीपर्यंत गाढवपणा करण्याची सवलत, मुलीला दहाव्या वर्षापासून शहाणपणाची सक्ती. 'पौगंडावस्था' हा शब्द शास्त्रीय पुस्तकांतून आला आणि तेथेच राहिला. कोणी आईने लेकीला 'तुझी पौगंडावस्था आहे हो' असे म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मग या मुलींच्या आयुष्यात मैत्री आणि प्रेम नव्हतेच का? होते, पण ते संसाराच्या फटींतून वाढत असे. मुलींची मैत्री मंगळागौरीच्या जागरणात, भोंडल्याच्या फेरात, माहेरच्या चार दिवसांत. आणि प्रेम? सुधारक घरांत ते बरेचदा शिकवणीच्या रूपाने आले. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाईंचे लग्न एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी झाले, आणि रानड्यांनी लगोलग त्यांना शिकवावयास घेतले. १९१० साली आलेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त घरातील बायकांचा या शिकण्यावरचा राग सविस्तर आला आहे. नवरा हाच मास्तर आणि मास्तर हाच पहिला मित्र, अशी ही विलक्षण मैत्री. तिच्यात जिव्हाळा खरा, पण बरोबरी नाही. रमाबाईंची निष्ठा वाचताना आपण भारावतो. आणि त्याच वेळी, त्यांना दुसरे कोणी आवडण्याची संधी कधी होती का, हा प्रश्नही मनातून जात नाही. प्रश्न उद्धट आहे, पण तो विचारावा लागतो.

हरिभाऊ आपट्यांनी तो वेगळ्या रीतीने विचारला. 'पण लक्षात कोण घेतो' ही त्यांची कादंबरी 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली ती संमतिवयाच्या बिलावरून रणे माजली होती त्याच सुमारास. यमू आपली कथा स्वतः सांगते. तिला समजूतदार नवरा मिळतो, तिची मैत्रीण दुर्गी हिला मात्र नाही. दोघी एकाच वयाच्या, एकाच गल्लीत शोभाव्या अशा. सुखदुःखाचा सगळा हिशेब नशिबावर. हरिभाऊंनी त्या वयाच्या मुलीला 'मी' म्हणावयास लावले, हे त्यांचे मोठे काम.

बाहेर चाललेल्या वादात असा 'मी' जवळजवळ ऐकूच येत नव्हता. १८६० च्या दंडसंहितेत संमतीचे वय दहा होते. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली. त्या प्रकरणाने देश हादरला आणि १८९१ च्या कायद्याने वय बारावर आले. भांडारकरांनी शास्त्राधारे सिद्ध केले की गर्भाधान लांबविता येते. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे. मुलींची लग्ने सोळापूर्वी करू नयेत, असे स्वेच्छेचे बंधन त्यांनीच सुचविले होते, हेही सांगितले पाहिजे. दोन्ही बाजूंची विद्वत्ता अफाट होती. परंतु वादाचा विषय होता शास्त्र, राज्य आणि शरीर. 'संमती' हा शब्द कायद्याच्या नावात होता, आणि जिची संमती तिला काय वाटते, हे चर्चेत कडेलाच राहिले.

पुढचे आकडे भराभर सांगता येतील. १९२५ साली संमतीचे वय चौदा झाले. अमरावतीचे मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभर साक्षी घेतल्या, आणि १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचे वय मुलीला चौदा व मुलाला अठरा ठरविले. १९४९ साली मुलीचे पंधरा झाले, १९७८ साली अठरा आणि एकवीस. त्याबरोबर शाळाही वाढत गेल्या. कायदा आणि शाळा या दोघांनी मिळून ती मोकळी जागा निर्माण केली, जी रखमाबाईला अपघाताने मिळाली होती.

त्या जागेत काय उगवते, हे मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'त (२००४) पाहावे. आणीबाणीच्या दिवसांतील नववीचा वर्ग, जोशी आणि शिरोडकर. मुलगा आणि मुलगी समोरासमोर, दोघांचे वय सारखे, कोणी कोणाचा मास्तर नाही. रमाबाईंच्या पुस्तकानंतर हे वाचले, की मधल्या शतकात काय घडले ते कळते. शंभर वर्षे लागली ती एका वर्गात दोन बाके शेजारी येण्यासाठी.

आणि तरी आकड्याचा पेच सुटलेला नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने संमतीचे वय अठरा झाले; १९४० पासून ते सोळा होते. मुलांचे लैंगिक शोषणापासून रक्षण हा हेतू निःसंशय योग्य, आणि फुलमणीचे स्मरण असणारा कोणीही त्याला हलके लेखणार नाही. परंतु या कायद्याखाली सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने गेली, असे स्वतः सांगत असतानाही मुलगा आरोपी ठरतो, आणि तक्रार बहुधा मुलीच्या घरून आलेली असते. २०२३ साली विधी आयोगाने आपल्या २८३ व्या अहवालात वय खाली आणू नये, मात्र सोळा ते अठरा या गटात शिक्षेबाबत न्यायाधीशांना मार्गदर्शित विवेक द्यावा, असे सुचविले. आमचे मत विचाराल, तर जो कायदा मुलीच्या नकाराच्या बाजूने उभा राहावयास शंभर वर्षे शिकला, त्याला तिचा होकारही ऐकू आला पाहिजे. तो जसाच्या तसा मान्य करावा असे नव्हे. पण ऐकू यावा.

रखमाबाई १८८९ साली विलायतेला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. लग्न त्यांनी पुन्हा केले नाही. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा ज्याच्याशी त्या एक दिवसही नांदल्या नव्हत्या त्याच्यासाठी त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसावयास सुरुवात केली.