अग्रहारापासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत

घरे बांधण्यास राजसत्तेने साहाय्य करावे आणि वसाहतीचा कारभार समाजाने पाहावा, ही रीत आपल्याकडे नवी नव्हे. मध्ययुगीन कर्नाटकातील राजे विद्वान ब्राह्मणांस करमुक्त भूमी देत. तीवर अग्रहार वसे व त्याची व्यवस्था तेथील महाजन पाहत. पूर्वी धारवाड जिल्ह्यात असलेले व 1997 पासून गदग जिल्ह्यात मोडणारे लक्कुंडी हे असेच एक नामांकित अग्रहार होय.

अर्वाचीन काळात ही रीत सहकाराच्या रूपाने पुन्हा प्रकटली. 1904 च्या कायद्यान्वये 1905 साली याच प्रदेशातील कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा पाटील यांनी पतपेढी स्थापन केली. परंतु तो कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. गृहनिर्माणाची वाट 1912 च्या कायद्याने मोकळी झाली. 1896 साली मुंबईत शिरलेली प्लेगची साथ पुढे हुबळीसही पोहोचली होती आणि दाटीच्या वस्तीचे दुष्परिणाम सर्वांस कळून चुकले होते. अशा वेळी, 1915 साली, रावबहादुर श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकाराने मुंबईस गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. कारवार-कानड्याकडून आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकमेकांच्या भरवशावर हे धाडस केले, हे आम्हांस विशेष वाटते.

स्वातंत्र्यानंतर सरकारचा हात अधिक सढळ झाला. 1952 च्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेत कामगारांच्या सहकारी संस्थांस कर्जाबरोबर अनुदानही देऊ केले गेले. 1954 च्या अल्प उत्पन्न गटाच्या योजनेत खर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत कर्जाची सोय झाली. रेल्वेच्या कारखान्यामुळे वाढलेल्या हुबळीसारख्या शहरास अशा योजनांची निकड होतीच. धारवाड जिल्हा 1956 साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि 1962 साली हुबळी व धारवाड यांची एक महानगरपालिका झाली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. आपल्या संस्थेत आपलेच सभासद असावेत काय? पारशी समाजाच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्बंध वैध ठरविला. कायद्याचा निवाडा झाला; धर्माचा मात्र ज्याचा त्यानेच करावयाचा आहे. अग्रहारास मिळालेली करमाफी अखेर इतरांच्या श्रमांवरच पोसली जात होती. ज्या पैशात सर्वांच्या कराचा वाटा आहे, त्या पैशाने बांधलेल्या घराचे दार केवळ आपल्यापुरते उघडावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःचे घर बांधणाऱ्याचे अनुदान थेट त्याच्या खात्यात जमा होऊ लागले. संस्थेची मध्यस्थी उरली नाही. तरीही ज्याच्यापाशी जागा नाही, कागदपत्रे नाहीत, जामीन नाही, त्यास अनुदानाचा उपयोग काय? ही उणीव समाजानेच भरून काढावयाची आहे. देवळाच्या सभामंडपात आठवड्यातून एक दिवस जाणत्यांनी बसून गरजूंचे अर्ज भरून दिले, तरी तल्मकींचे काम पुढे चालविल्यासारखे होईल.